न्याहारीची पौष्टिक वडी

न्याहारीची पौष्टिक वडी हा भाजलेले ओट्स किंवा अन्य तृणधान्य, शेंगदाणे व तीळ यांसारख्या तेलबिया, सुकी फळे आणि गूळ किंवा खजूर एकत्र करून केला जाणारा गोड, टिकाऊ खाद्यपदार्थ आहे. ती हातात धरून, ताटवाटीशिवाय खाता येते. त्यामुळे सकाळी लवकर घराबाहेर पडणारे विद्यार्थी, नोकरदार, शेतकरी व प्रवासी यांच्यासाठी ती सोयीची मानली जाते. शहरी बाजारात हा पदार्थ ‘ग्रॅनोला बार’, ‘एनर्जी बार’, ‘ओट्स बार’ अशा नावांनी विकला जातो. महाराष्ट्रात तिळाची वडी, चिक्की, गुळपापडी व राजगिऱ्याची वडी यांच्या रूपाने याच रचनेचे पदार्थ पूर्वीपासून प्रचलित आहेत.

वडी पौष्टिक ठरते ती ओट्स घातल्याने नव्हे, तर धान्य, तेलबिया व गोडवा यांच्या प्रमाणामुळे. बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या ज्वारी, बाजरी व ऊस पिकवणाऱ्या परिसरात ही वडी स्थानिक धान्यापासूनही तयार करता येते.

## नाव आणि व्याप्ती

‘वडी’ हा शब्द संस्कृत ‘वटिका’ या शब्दापासून आलेला आहे. मराठीत तो गोड व तिखट अशा दोन्ही पदार्थांना लावला जातो. नारळाची वडी, तिळाची वडी, कोथिंबीर वडी व अळूवडी ही त्याची परिचित उदाहरणे होत. मिश्रण ताटात थापून कापण्याच्या क्रियेला ‘वड्या पाडणे’ म्हणतात. हेच मिश्रण हाताने वळले तर त्याचा लाडू होतो. त्यामुळे पौष्टिक वडी व पौष्टिक लाडू यांत घटकांचा फरक थोडा आणि आकाराचा अधिक असतो.

‘न्याहारी’ म्हणजे सकाळचे पहिले खाणे. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत भाकरी, पिठले, ठेचा, दही किंवा शेंगदाण्याची चटणी ही न्याहारी रूढ आहे. वडी ही अशा न्याहारीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. जेथे चूल पेटवण्यास वेळ नसतो किंवा घरापासून दूर जावयाचे असते, तेथे ती पूरक ठरते.

‘ओट’ व ‘सातू’ ही दोन वेगळी धान्ये आहेत. सातू म्हणजे जव होय. सातूच्या पिठात प्रत्यक्षात गहू, डाळे व जव यांपैकी जे मिळेल ते भाजून दळलेले असते. ओट या धान्याला मराठीत स्वतंत्र देशी नाव रूढ न झाल्याने ‘ओट’ व त्याचे अनेकवचनी रूप ‘ओट्स’ हेच शब्द वापरात आहेत.

## इतिहास

### पाश्चात्त्य परंपरा

भाजलेल्या धान्याची तयार न्याहारी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्रचारात आली. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामाचे चालक डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये कोंडायुक्त गव्हाच्या पिठापासून ‘ग्रॅन्युला’ नावाचा पदार्थ तयार केला. पुढे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी अशाच प्रकारच्या पदार्थाला ‘ग्रॅनोला’ हे नाव दिले. स्वित्झर्लंडमधील वैद्य मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास झुरिकमधील आपल्या रुग्णांसाठी भिजवलेले ओट्स, किसलेले सफरचंद व सुकामेवा यांचे मिश्रण सुरू केले. ते पुढे ‘म्यूस्ली’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

ब्रिटनमध्ये ओट्स, लोणी व साखरेचा घट्ट पाक एकत्र भाजून ‘फ्लॅपजॅक’ नावाच्या वड्या केल्या जातात. कागदात गुंडाळलेली ओट्सची तयार वडी अमेरिकन बाजारात १९७० च्या दशकात रुजली. ‘नेचर व्हॅली’ या नाममुद्रेची ग्रॅनोला वडी १९७५ मध्ये विक्रीस आली.

### मराठी परंपरा

भाजलेले दाणे गुळाच्या पाकात बांधून टिकवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. मकर संक्रांतीला तीळ व गुळाच्या वड्या आणि लाडू केले जातात. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्यांना मान असतो. उपवासासाठी राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात घालून वड्या व लाडू करतात. कणीक तुपात भाजून, गूळ मिसळून थापलेली गुळपापडी प्रवासात बरोबर नेली जाते. मुंबई–पुणे लोहमार्गावरील लोणावळा हे गाव चिक्कीसाठी प्रसिद्ध आहे. बाळंतिणीसाठी करण्यात येणारे डिंकाचे व अळिवाचे लाडू हेही याच कुळातील आहेत.

या सर्व पदार्थांत ओट्स नाहीत, परंतु रचना तीच आहे. म्हणून ओट्सची वडी मराठी स्वयंपाकघरात आली तेव्हा धान्य नवे होते, कृती ओळखीची होती.

## रचना

कोणत्याही पौष्टिक वडीत चार प्रकारचे घटक असतात.

- आधार: ओट्स, ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या, पोहे, भाजलेले पीठ. यातून पिष्टमय पदार्थ व तंतू मिळतात.
- स्निग्ध घटक: शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, भोपळ्याच्या बिया, सुके खोबरे. यातून प्रथिने, स्निग्धांश व खनिजे मिळतात.
- फळे: खजूर, खारीक, बेदाणे, सुके अंजीर, वाळवलेले केळे, आंबापोळीचे तुकडे. यातून गोडवा, तंतू व पोटॅशियम मिळते.
- बांधणारा घटक: गुळाचा पाक, खजुराचा लगदा, मध किंवा तूप. हा घटक इतरांना एकत्र धरून ठेवतो.

पहिल्या तीन घटकांत आवडीप्रमाणे अदलाबदल करता येते. बांधणारा घटक कमी पडल्यास वडी भुगा होते. अधिक झाल्यास ती चिकट, कडक व अतिगोड होते. घरी केलेल्या वडीचे यश बहुधा याच प्रमाणावर अवलंबून असते.

## घटकांची माहिती

### ओट

ओट हे गवतकुळातील तृणधान्य आहे. त्याचे शास्त्रीय नाव अव्हेना सटायव्हा असे आहे. थंड हवामानात येणारे हे पीक भारतात रब्बी हंगामात घेतात व त्याचा मुख्य उपयोग हिरव्या चाऱ्यासाठी होतो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘फुले हरिता’ हा ओटचा वाण चाऱ्यासाठीच आहे. खाण्याचे ओट्स करताना दाण्यावरील टरफल काढून दाणे वाफवतात आणि रुळांखाली चपटे करतात. पोह्यांशी या प्रक्रियेचे साम्य आहे.

चपट्या ओट्सच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३८० किलोकॅलरी ऊर्जा, १३ ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम तंतू असतात. या तंतूंपैकी ‘बीटा-ग्लुकॅन’ हा विद्राव्य तंतू रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतो. मसाला व साखर घातलेले झटपट ओट्स वडीसाठी योग्य नसतात. साधे, जाड ओट्स वापरावेत.

### ज्वारी, बाजरी व राजगिरा

मराठवाडा व सोलापूर या भागांत रब्बी ज्वारीचा ‘मालदांडी’ हा वाण विशेष लोकप्रिय आहे. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने असतात. बाजरीत लोह ज्वारीपेक्षा अधिक असते. मात्र तिच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते दळल्यानंतर लवकर कडवट होते. म्हणून बाजरीचे पीठ ताजे दळून घ्यावे व लगेच भाजावे. राजगिरा हे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तृणधान्य नसून राजगिऱ्याच्या पालेभाजीच्याच कुळातील बी आहे. या तिन्हींमध्ये ग्लुटेन नसते.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थांच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते. नेहमीच्या वाणांत ते सुमारे ३० मिलिग्रॅम असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर ज्वारी-बाजरीच्या अशा पदार्थांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

### तेलबिया

शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. तृणधान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. शेंगदाण्याने ही उणीव अंशतः भरून निघते, डाळे किंवा फुटाण्यांनी ती अधिक चांगली भरून निघते. सालीसह तिळात कॅल्शियम भरपूर असते. जवस अख्खे खाल्ल्यास बहुतांशी न पचता बाहेर पडते. म्हणून ते भाजून भरड करावे.

### फळे

सांगली जिल्ह्यातील बेदाणे, जळगावची केळी व पुरंदरचे अंजीर ही महाराष्ट्रातील वाळवून वापरता येण्याजोगी फळे आहेत. खजूर व खारीक मात्र बहुतांशी बाहेरून येतात.

बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगररांगांतील सीताफळ प्रसिद्ध असून ‘बीड सीताफळ’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही सीताफळ या वडीसाठी उपयोगी पडत नाही. त्याचा गर तापवल्यावर कडू होतो व काळपट पडतो. म्हणूनच बासुंदी, रबडी यांसारख्या पदार्थांत तो गार झाल्यावर शेवटी मिसळतात. ताज्या रसाळ फळांचा कोणताही गर वडीत घातल्यास ओलावा वाढून बुरशी लवकर येते.

### गूळ, साखर व मध

गूळ व साखर दोन्ही उसाच्याच रसाची रूपे आहेत. गुळात सुमारे ८५ टक्के शर्करा असते व उरलेल्या भागात पाणी आणि काही खनिजे असतात. या खनिजांमुळे गूळ साखरेपेक्षा किंचित सरस ठरतो, परंतु तो शर्करामुक्त होत नाही. मध व खजुराचे सिरप यांनाही हेच लागू पडते.

## कृती

### ओट्स व सुक्या फळांची वडी

पुढील प्रमाणात सुमारे ४० ग्रॅम वजनाच्या १५ ते १६ वड्या होतात. ही कृती भट्टीशिवाय, साध्या शेगडीवर करता येते.

साहित्य:

- साधे जाड ओट्स १२० ग्रॅम
- ज्वारीच्या लाह्या ३० ग्रॅम
- शेंगदाणे १०० ग्रॅम
- तीळ ४० ग्रॅम
- बिया काढलेला मऊ खजूर १८० ग्रॅम
- बेदाणे ५० ग्रॅम
- चिरलेला गूळ ८० ग्रॅम
- तूप २० ग्रॅम (सुमारे दीड मोठा चमचा)
- सुंठ व वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ

क्रम:

१. जाड बुडाच्या कढईत ओट्स मंद आचेवर सात-आठ मिनिटे कोरडे भाजावेत. रंग किंचित बदलून खमंग वास आला की परातीत काढावेत. लाह्या केवळ कुरकुरीत होईपर्यंत गरम कराव्यात.

२. शेंगदाणे भाजून साले पाखडावीत. निम्म्या दाण्यांचे जाडसर तुकडे करावेत. उरलेल्यांचे तेल सुटेपर्यंत बारीक कूट करावे. हे कूट वडी बांधण्यास मदत करते. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत.

३. खजूर बारीक चिरून तुपात मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावा व उलथन्याने चेपून त्याचा लगदा करावा. तो पाण्यात भिजवू नये. भिजवल्यास वडी टिकत नाही.

४. दुसऱ्या पातेल्यात गूळ व दोन चमचे पाणी गरम करावे. गूळ विरघळला की गाळून पुन्हा आचेवर ठेवावा. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होऊ लागली की आच बंद करावी.

५. पाक खजुराच्या लगद्यात घालून त्यात सुंठ, वेलदोडा, मीठ, कूट व बेदाणे मिसळावेत. शेवटी ओट्स, तीळ, दाण्याचे तुकडे व लाह्या घालून मिश्रण हलक्या हाताने एकत्र करावे.

६. तूप लावलेल्या सुमारे २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या ताटात मिश्रण पसरावे व वाटीच्या सपाट बुडाने घट्ट दाबावे. दाबणे कमी पडले तर कापताना वड्या सुटतात.

७. मिश्रण कोमट असतानाच सुरीने खुणा कराव्यात. पूर्ण गार झाल्यावर, साधारण दोन तासांनी, वड्या वेगळ्या कराव्यात.

### ज्वारी किंवा बाजरीच्या पिठाची वडी

ही वडी गुळपापडीच्या पद्धतीने करतात. १५० ग्रॅम ज्वारीचे किंवा बाजरीचे ताजे पीठ ८० ग्रॅम तुपात मंद आचेवर, कच्चा वास जाऊन रंग बदलेपर्यंत भाजावे. त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, ४० ग्रॅम भाजलेले तीळ व ४० ग्रॅम खारकेची पूड घालावी. कढई आचेवरून उतरवून १२० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ मिसळावा. पिठाच्या उष्णतेने गूळ विरघळतो. मिश्रण लगेच ताटात थापून वड्या पाडाव्यात. येथे पाक करावयाचा नसल्याने नवशिक्यालाही ही कृती साधते. गूळ आचेवर असतानाच घातला, तर मात्र वडी दगडासारखी कडक होते.

## पाकाच्या अवस्था

गूळ किंवा साखर पाण्यात उकळताना पाणी आटत जाते व पाकाचे तापमान वाढते. दोन बोटांत एक तार धरणारा ‘एकतारी’ पाक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला होतो. मऊ गोळी होणारा ‘गोळीबंद’ पाक सुमारे ११२ ते ११६ अंशांना होतो. पाण्यात टाकताच कडक होऊन मोडणारा चिक्कीचा पाक १४५ अंशांच्या पुढे जातो.

न्याहारीच्या वडीसाठी गोळीबंद पाक योग्य असतो. तो एकतारीपेक्षा चांगला बांधतो आणि चिक्कीच्या पाकाइतका कठीण नसल्याने मुले व वृद्ध यांना चावता येतो. पाक पुढे गेल्यास त्यात चमचाभर पाणी घालून तो पुन्हा आणता येतो. मात्र जळका वास आलेला पाक टाकून द्यावा.

## पोषणमूल्य

वर दिलेल्या ओट्सच्या वडीचे घटकांवरून काढलेले अंदाजे पोषणमूल्य, प्रति वडी, पुढीलप्रमाणे आहे.

- ऊर्जा: १५० ते १५५ किलोकॅलरी
- प्रथिने: ३.५ ग्रॅम
- तंतू: २.५ ते ३ ग्रॅम
- एकूण शर्करा: १३ ग्रॅम, त्यापैकी गुळाची सुमारे ४ ग्रॅम, उरलेली खजूर व बेदाण्यांची
- लोह: सुमारे १.४ मिलिग्रॅम

### ‘पौष्टिक’ या विशेषणाची कसोटी

या आकड्यांवरून काही प्रचलित समजांची पारख करता येते.

ओट्स व कोलेस्टेरॉल: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सविषयीच्या आरोग्यदाव्यास मान्यता दिली, ती दररोज किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जाण्याच्या अटीवर. एवढ्यासाठी सुमारे ७० ग्रॅम ओट्स लागतात. वरील एका वडीत ओट्स जेमतेम साडेसात ग्रॅम असतात. म्हणजे केवळ ओट्सची वडी खाल्ल्याने कोलेस्टेरॉल कमी होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

गूळ व शर्करा: जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. २००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते. ती २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक हितकारक मानली आहे. समभाग गूळ व शेंगदाणे घेऊन केलेल्या ४० ग्रॅम चिक्कीत सुमारे २० ग्रॅम गूळ असतो. वरील ओट्सच्या वडीत तो ५ ग्रॅम, तर पिठाच्या वडीत ८ ते ९ ग्रॅम पडतो. हा फरक धान्य बदलल्याने नव्हे, तर गूळ कमी घेतल्याने पडतो.

लोह व पंडुरोग: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये व ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये पंडुरोग आढळला. भारतीय शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. एका वडीने त्याचा सुमारे विसावा हिस्साच मिळतो. शिवाय धान्य व तेलबियांतील फायटेटमुळे हे लोह शरीरात कमी शोषले जाते. वडीबरोबर पेरू, आवळा, मोसंबी किंवा लिंबाचे सरबत घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. चहा घेतल्यास ते घटते. पंडुरोग असल्यास वडीवर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून लोहाच्या गोळ्या घेणे आवश्यक असते.

थोडक्यात, एक वडी, कपभर दूध किंवा मूठभर मोड आलेली मटकी आणि एखादे ताजे फळ मिळून न्याहारी पुरी होते. एकटी वडी ही न्याहारीचा भाग आहे, पूर्ण न्याहारी नव्हे.

## तेलगाव व बीड परिसरातील संदर्भ

तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील गाव असून ते धारूर–माजलगाव व बीड–परळी या मार्गांच्या परिसरातील वर्दळीचे ठिकाण आहे. येथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. जवळच्या माजलगाव येथे गोदावरीची उपनदी असलेल्या सिंदफणा नदीवर धरण असून त्याच्या लाभक्षेत्रात ऊस घेतला जातो. कोरडवाहू भागात ज्वारी, बाजरी, कापूस, सोयाबीन व तूर ही पिके घेतली जातात.

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतरासाठीही ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडातील काम पहाटे सुरू होते. अशा वेळी मुलांच्या सकाळच्या खाण्याची आबाळ होते. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, तर काही गावात आजी-आजोबांजवळ राहून शाळा करतात. शाळांतील पोषण आहार दुपारी मिळतो. सकाळची वेळ घरानेच सांभाळावी लागते.

या संदर्भात पौष्टिक वडीचे महत्त्व शहरातल्यापेक्षा वेगळे आहे. शहरात ती वजनाची काळजी घेणाऱ्यांचा पदार्थ समजली जाते. येथे ती रिकाम्या पोटी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरातील शिदोरी ठरू शकते. त्यासाठी ओट्स विकत आणण्याची गरज नाही. ज्वारी किंवा बाजरी घरची असते, शेंगदाणे, तीळ व गूळ आठवडी बाजारात मिळतात. एका वेळी केलेल्या १५ वड्या दोन मुलांना आठवडाभर पुरतात. त्या आगाऊ करून ठेवता येत असल्याने पहाटे चूल पेटवली नाही तरी मुलाच्या हाती काही देता येते.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई व गेवराई तालुक्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. देशभरातील अशा केंद्रांच्या कामात धान्य प्रक्रिया व गृहविज्ञान विषयांच्या प्रशिक्षणाचा समावेश असतो.

## साठवण

वडी टिकणे हे तिच्यातील ओलाव्यावर अवलंबून असते. घटक नीट भाजलेले, फळे कोरडी व डबा स्वच्छ असेल, तर वड्या हवाबंद डब्यात सुमारे दोन आठवडे चांगल्या राहतात. शीतकपाटात त्या महिनाभर टिकतात.

उन्हाळ्यात बीड परिसरातील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. तेव्हा तूप व शेंगदाण्याचे तेल सुटून वड्या मऊ पडतात व खवट होण्याची शक्यता वाढते. या दिवसांत वड्या थोड्या प्रमाणात कराव्यात. पावसाळ्यात गूळ हवेतील ओलावा शोषून घेतो व वड्या चिकट होतात. प्रत्येक वडी कागदात गुंडाळून ठेवल्यास हा त्रास कमी होतो. वड्या गरम असताना डब्यात भरू नयेत, कारण वाफेचे पाणी होऊन बुरशी येते.

## दक्षता

- बुरशीचे दाणे: सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे किंवा कडवट शेंगदाणे वापरू नयेत. अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीमुळे त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असे विष तयार होऊ शकते. ते घरगुती भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.
- लहान मुले: एक वर्षाखालील बालकांना मध देऊ नये; त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे असलेली वडी देऊ नये, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांच्यासाठी सर्व दाण्यांचे कूट करावे.
- अधिहर्षता: शेंगदाणे व तीळ यांमुळे काही व्यक्तींना तीव्र त्रास होतो. शाळेत किंवा कार्यक्रमात वाटण्यापूर्वी घटक सांगणे इष्ट असते.
- मधुमेह: गूळ, मध व खजूर यांमुळे रक्तशर्करा वाढते. ‘साखर नाही’ याचा अर्थ मधुमेहींना चालते असा नाही. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने प्रमाण ठरवावे.
- ग्लुटेन: ओट्सवर अनेकदा गव्हाच्याच गिरणीत प्रक्रिया होते. सीलिअ‍ॅक विकार असणाऱ्यांनी ज्वारी, बाजरी किंवा राजगिरा वापरणे अधिक सुरक्षित ठरते. दळण मात्र स्वच्छ चक्कीवरून आणावे.
- दात: चिकट गोड पदार्थ दातांना चिकटून राहतो. वडी खाल्ल्यावर चूळ भरण्याची सवय मुलांना लावावी.

## बाजारातील वड्या

भारतातील खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर घटक त्यांच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. ज्याचे प्रमाण सर्वाधिक, त्याचे नाव पहिले येते. वडीच्या दर्शनी बाजूला ओट्सचे चित्र असूनही घटकांच्या यादीत साखर, ग्लुकोज सिरप किंवा गूळ पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर ती वडी मिठाईच्या जवळची समजावी. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार एकूण शर्करा व वरून घातलेली शर्करा यांची नोंदही पोषणमाहितीत द्यावी लागते. एकाच वडीत साखर, मध, गूळ व सिरप अशी चार नावे वेगवेगळी दिली असतील, तर त्यांची बेरीज लक्षात घ्यावी.

घरी केलेल्या वडीत ही बेरीज करणाऱ्याच्याच हाती असते. गूळ किती घातला, दाणे कसे होते, तूप कोणते होते हे त्याला ठाऊक असते.

## हेही पाहा

- चिक्की
- तिळगूळ
- गुळपापडी
- राजगिरा
- ज्वारी
- ओट
- ऊसतोड कामगार
- धारूर तालुका